चुंग लिंग सू याची बंदूक: छेद-नमुन्याच्या कामाच्या नोंदी

२ ऑक्टोबर

वाचनालयाच्या नोव्हेंबरातल्या कार्यक्रमात मला पाऊण तास आणि एक लांब टेबल मिळालं आहे. विषय मी निवडायचा होता. टर्निंग (लेथवरचं काम) शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे नुसतं भाषण माझ्याच्याने होणार नाही. हातात धरून दाखवता येईल असं काहीतरी हवं. शेवटी ठरलं ते असं: २३ मार्च १९१८ च्या रात्री लंडनच्या वुड ग्रीन एम्पायर थिएटरात चुंग लिंग सू या जादूगाराला ज्या बंदुकीची गोळी लागली, तिच्या मागच्या भागाचा उभा छेद लाकडात करायचा. अंदाजे तिप्पट मापाचा. नळ्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या, आगीची वाट दाखवायला एलईडी दिवे.

हा जादूगार चिनी नव्हता. नाव विल्यम एल्सवर्थ रॉबिन्सन, जन्म १८६१, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. १९०० सालापासून मरेपर्यंत त्याने रंगमंचावर चिनी माणसाचं सोंग घेतलं आणि त्या सोंगाच्या जोरावर तो इंग्लंडमधल्या सर्वांत महागड्या जादूगारांपैकी एक झाला. बहुतेक लोक त्या सोंगाचीच गोष्ट सांगतात. मला बंदुकीची सांगायची आहे, कारण त्याचा जीव बंदुकीच्या आट्यांनी, म्हणजे बुचावरच्या स्क्रूसारख्या खाचांनी, घेतला.

५ ऑक्टोबर

आज मापं घेतली. पलीकडच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याकडे पीकसंरक्षणाची परवान्याची ठासणीची बंदूक आहे. भात पिकायला आलंय, रानडुकरांचा त्रास सुरू झालाय, म्हणून ती सध्या बाहेर काढलेली. त्याने ती रिकामी असल्याची आधी गज घालून खात्री करून दिली, मग माझ्या हातात दिली.

ज्यांनी ही बंदूक पाहिली नाही त्यांच्यासाठी पाटीवर एवढं लिहायचं. ठासणीच्या बंदुकीत सगळं तोंडाकडून भरतात: आधी दारू, वर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, आणि प्रत्येक थर गजाने ठासायचा. नळीचं मागचं टोक मळसूत्री बुचाने बंद केलेलं असतं. बाजूला 'कान', त्यावर केप, म्हणजे आपटल्यावर ठिणगी देणारी छोटी टोपी. चाप ओढला की घोडा केपवर पडतो, ठिणगी कानातून नळीत जाते आणि बार उडतो. गज ठेवायला मुख्य नळीच्या खाली खोबण किंवा दुसरी बारीक नळी असते. त्या खालच्या नळीकडे लक्ष ठेवा, असं लोकांना सुरुवातीलाच सांगेन.

आमच्या आजोबांकडे अशीच बंदूक होती. रात्रभर माळ्यावर बसून एकही डुक्कर आलं नाही, तरी पहाटे घरी येण्याआधी ते कातळाकडे तोंड करून बार उडवून टाकायचे. आजी कुरकुरायची, दारू फुकट गेली म्हणून. आजोबांचं उत्तर ठरलेलं: "भरलेली बंदूक घरात हाडूची नाय." मागचं बूच त्यांनी कधी उघडलेलं मी पाहिलं नाही. ते उघडण्यासाठी नसतंच.

९ ऑक्टोबर

जीवनपट लिहायला घेतला. पोस्टरवर मावेल एवढाच ठेवायचा होता, पण एका गोष्टीपाशी मी अडकून बसलो.

रॉबिन्सन आधी जादूगार म्हणून प्रसिद्ध नव्हता. तो कारागीर म्हणून प्रसिद्ध होता. त्या काळच्या अमेरिकेतले दोन सर्वांत मोठे जादूगार, हॅरी केलार आणि अलेक्झांडर हरमन, दोघांनीही त्याला आलटून पालटून आपल्याकडे ओढला. प्रयोगांची यंत्रं बांधणं, दुरुस्त करणं, नवीन युक्ती शोधणं, पडद्यामागे उभं राहून सगळं वेळेवर हलवणं हे त्याचं काम. 'ब्लॅक आर्ट' नावाच्या प्रकारात तो वाकबगार होता. सगळा मंच काळ्या मखमलीने मढवायचा, दिव्यांचा झोत प्रेक्षकांच्या डोळ्यांकडे ठेवायचा, काळ्या कपड्यांतला मदतनीस दिसेनासा होतो आणि पांढरी वस्तू हवेत तरंगते. हे त्याने 'अखमद बेन अली' असं नाव घेऊन स्वतःही करून पाहिलं. म्हणजे परक्या मुलखाचा वेष चढवणं त्याला १९०० च्या आधीपासून सरावाचं होतं. १८९८ मध्ये त्याचं एक पुस्तकही निघालं. भुताटकीच्या नावाखाली पाटीवर आपोआप अक्षरं उमटवणाऱ्या भोंदूंच्या युक्त्या त्यात उघड केल्या होत्या.

त्याच्यात कमी होती ती बोलण्याची. त्या काळचा जादूगार हा अर्धा वक्ता असायचा, आणि रॉबिन्सनला मंचावर बोलून रंग भरता येत नसे. त्याच्या हातात कला होती आणि तोंड साथ देत नव्हतं. वर्कशॉपमध्ये अशी मुलं मी पुष्कळ पाहिली. जॉब अचूक करतील, पण तोंडी परीक्षेत गप्प. जो माणूस न बोलताच प्रभावी ठरेल, असा वेष त्याला पुढे सापडला.

डॉट या त्याच्या जोडीदारणीचा वेगळा उल्लेख हवा. नाव ऑलिव्ह पाथ. ती अंगाने अगदी लहानखुरी, त्यामुळे पेट्यांच्या आणि अदृश्य होण्याच्या प्रयोगांत तिच्याशिवाय पान हलत नसे. पुढे मंचावर ती 'सुई सीन' झाली, तीही चिनी.

१४ ऑक्टोबर

पुतणी शनिवारी घरी आली. पोस्टर तीच करणार आहे. तिने मथळा आणला होता: 'चिनी जादूगाराचा गूढ मृत्यू'. वाचायला झकास, पण मी नको म्हटलं.

"काका, लोक थांबून वाचायला तरी हवेत ना?"

"थांबू देत. पण या गोष्टीत चिनी जादूगार दुसराच आहे. त्याची जागा आपणही याला द्यायची?"

मग तिला चिंग लिंग फूबद्दल सांगितलं. खरं नाव झू लियानकुई, जन्म १८५४. चीनमधला नामांकित जादूगार. १८९८ मध्ये ओमाहाच्या प्रदर्शनासाठी तो अमेरिकेत आला आणि तिथून त्याचं नाव झालं. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. त्याचा गाजलेला प्रयोग असा: रिकामं कापड दोन्ही बाजूंनी दाखवायचं, जमिनीवर पसरायचं, उचलायचं, आणि खाली काठोकाठ पाण्याने भरलेलं मोठं भांडं. पुढे त्याच कापडाखालून एक लहान मूल. युक्ती अशी: लांब झग्याच्या आत दोन पायांमध्ये ते भांडं अडकवून, एक थेंब न सांडता, सहज चालत मंचावर यायचं. ताकद आणि तोल दोन्ही लागतात. हे करून दाखवणाऱ्याला त्याने १००० डॉलरचं आव्हान दिलं.

रॉबिन्सनने युक्ती ओळखली आणि आव्हान स्वीकारायला गेला. त्याला संधी दिली गेली नाही. ही सल त्याने मनात ठेवली असावी असं मला वाटतं. १९०० मध्ये पॅरिसच्या एका थिएटराला फूसारखाच चिनी जादूगार हवा होता, तेव्हा रॉबिन्सनने डोकं भादरलं, वेणी लावली, चेहऱ्याला रंग फासला आणि गेला. आधी नाव घेतलं 'हॉप सिंग सू', लंडनला पोचेपर्यंत झालं 'चुंग लिंग सू'. चिंग लिंग फू आणि चुंग लिंग सू. दुसऱ्याच्या दुकानाशेजारी त्याच नावाची पाटी लावावी तसं हे.

पुतणी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मथळा खोडला आणि पोस्टरवर झू लियानकुईसाठी वेगळा चौकोन आखला. तो चौकोन सूच्या चौकोनाएवढाच मोठा आहे.

१५ ऑक्टोबर

सुतारकाकांकडून शिवणीचं लाकूड आणलं. वाळलेलं, गाठ नाही. आट्यांसाठी मात्र शिवण मऊ पडेल, बूच सागाचं करणार.

२१ ऑक्टोबर

दोन दिवस आट्यांवर गेले. लाकडात आटे पाडायचे तर खोली कमी, अंतर जास्त, नाहीतर कडा तुटतात. पहिलं बूच फुकट गेलं. दुसरं इतकं नीट बसलं की उघडताना हवा ओढल्याचा आवाज आला. याला 'नवं बूच' अशी चिठ्ठी लावली. आता मुद्दाम खराब असं तिसरं करायचं आहे, आणि चांगलं काम करायची सवय लागलेल्या हाताला खराब काम जमत नाही. कानशीने आटे खाल्ले तर ते खरवडलेले दिसतात, झिजलेले नाही. झीज वापरानेच यायला हवी. म्हणून रोज संध्याकाळी चहा होईपर्यंत बूच फिरवत बसायचं ठरवलं.

ॲक्रिलिकची एक नळी भोक पाडताना तडकली. ड्रिलचा वेग जास्त होता, चूक माझी. साबणाचं पाणी सोडत हळू जायला हवं होतं.

३ नोव्हेंबर

शेजारचे तात्या दशावतारात काम करतात. जत्रांचा हंगाम तोंडावर आहे, त्यामुळे रंगपेटी नीट करत ओसरीवर बसले होते. त्यांना सू याची गोष्ट सांगितली आणि विचारलं, हे आपल्या सोंगासारखंच ना?

तात्यांनी मान हलवली. म्हणाले, "नाय. मी राणी होतंय तेव्हा समोरच्याक म्हायत असता, ह्यो अमक्याचो झील (मुलगा). तरी तो रडता. तेका फसवूचा काय कारण?"

मला हे पटलं. सू ज्या वर्षांत लंडन गाजवत होता त्याच वर्षांत आपल्याकडे बालगंधर्व भामिनी आणि रुक्मिणी होत होते, आणि नारायणराव राजहंस हे नाव प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होतं. रॉबिन्सनचा करार वेगळा. तो मंचावर इंग्रजी बोलत नसे. पत्रकारांनाही दुभाष्यामार्फत उत्तरं द्यायचा. कामेतारो नावाचा त्याचा जपानी सहकारी लोकांशी बोलायचा. वडील स्कॉटिश मिशनरी, आई कँटनची, पोरका झाल्यावर एका चिनी जादूगाराने वाढवलं, अशी जन्मकथा त्याने पसरवली. व्यवसायातल्या लोकांना खरं ठाऊक होतं. तिकीट काढणाऱ्याला नव्हतं.

जानेवारी १९०५ मध्ये दोघे एकाच वेळी लंडनमध्ये आले. फू एम्पायर नावाच्या थिएटरात, सू हिपोड्रोम थिएटरात. फूने जाहीर केलं की हा माणूस तोतया आहे, आणि माझ्या वीस प्रयोगांपैकी दहा तरी करून दाखव म्हणून आव्हान टाकलं. 'वीकली डिस्पॅच' या वर्तमानपत्राच्या कचेरीत ७ जानेवारीला सामना ठरला. सू वेळेवर आला, सगळी सामग्री घेऊन. फू आला नाही. त्याचं म्हणणं, आधी याने आपण चिनी असल्याचं सिद्ध करावं. वर्तमानपत्रांनी सूला विजयी ठरवलं.

मला फूची बाजू बरोबर वाटते. त्याचा प्रश्न प्रयोगाचा नव्हताच, नावाचा होता, आणि तो प्रश्न कोणी ऐकून घेतला नाही. पण म्हणून सूच्या हातातली कला खोटी ठरत नाही. चिनी तबकांचा, कपड्यांचा, आगीचा, पाण्याचा त्याचा प्रयोग पाहणारे जाणकार जादूगारही त्याला मानत. दोन्ही गोष्टी पाऊण तासात सांगाव्या लागतील.

८ नोव्हेंबर

आजचा दिवस कामाचा गेला. बूच आतापर्यंत चारशेहून जास्त वेळा उघडून लावलं आहे. आट्यांच्या कडा गोल झाल्या आहेत, हाताला कळतं. मग प्रयोग केला: कोळशाची वस्त्रगाळ पूड वरच्या नळीत भरली, झिजलेलं बूच घट्ट लावलं, नमुना जरा हलवला, टेबलावर दोनदा ठोकला, परत उघडला. आट्यांच्या खाचेत शेवटच्या फेऱ्यापर्यंत काळी रेघ. नव्या बुचाला तीच पूड पहिल्या दोन फेऱ्यांतच थांबते.

आता मूळ बंदूक कशी होती ते इथे लिहून ठेवतो, पाटीचा मजकूर यातूनच होईल.

प्रयोगाचं नाव होतं 'बॉक्सरांनी दिलेली मृत्युदंडाची शिक्षा'. चीनमधलं परकीयांविरुद्धचं बॉक्सर बंड १९०० साली वर्तमानपत्रांत गाजत होतं, त्याचा हा फायदा. बॉक्सरांच्या वेषातले मदतनीस बंदुका घेऊन उभे राहायचे. प्रेक्षकांपैकी कोणी वर येऊन गोळ्यांवर खूण करायचं. त्या गोळ्या भांड्यात पडायच्या आणि तिथेच बदलल्या जायच्या. खुणेच्या गोळ्या सूकडे पोचत, बंदुकीत बिनखुणेच्या जात. बार उडाला की सू हातातल्या चिनी मातीच्या तबकावर गोळ्या झेलायचा आणि खुणा दाखवायचा.

बंदुकीत खरी दारू आणि खरी गोळी सगळ्यांदेखत ठासली जायची. फरक एवढाच, की कानातून वरच्या नळीत जाणारी वाट बंद केलेली होती. ठिणगी खालच्या, गजाच्या नळीत जायची. तिथे आधीच नुसती दारू भरलेली, गोळी नाही. आवाज, जाळ, धूर सगळं खरं, आणि वरची नळी भरलेली ती भरलेलीच.

प्रयोग संपल्यावर ही भरलेली नळी रिकामी करायला हवी. आजोबांनी बार उडवून टाकला असता. रॉबिन्सन मागचं मळसूत्री बूच उघडायचा, दारू आणि गोळी मागून काढून घ्यायचा आणि बूच परत लावायचा. युक्ती गुप्त राहावी म्हणून हे तो स्वतः, एकट्याने करायचा. वर्षानुवर्षं. आटे झिजत गेले, त्यांच्या खाचांतून दारूची बारीक पूड सरकत राहिली, आणि एक दिवस खालच्या वाटेची आग त्या पुडीवरून वरच्या नळीपर्यंत पोचली.

इतका हुशार कारागीर आणि आट्याला गेज (माप तपासायचं साधन) लावून पाहिला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. वर्कशॉपमध्ये एकाने केलेलं काम दुसऱ्याने तपासायचं असतं. त्याच्या बंदुका बघायची दुसऱ्या कोणाला मुभाच नव्हती.

१२ नोव्हेंबर

वायरिंग उलटं झालं. बटण दाबलं की वरची नळी लाल, बूच सैल केलं की खालची. दुपारभर सोडवलं. आता नवं बूच लावलं तर फक्त खालची नळी पेटते. झिजलेलं लावून बटण दाबलं तर खालची पेटते, मग आट्यांवरून एकेक ठिपका वर चढतो, आणि वरची उजळते. चढायला दोन सेकंद ठेवले आहेत. प्रत्यक्षात तेवढा वेळ नव्हता, पण लोकांना वाट दिसायला हवी.

१६ नोव्हेंबर

शेवटच्या रात्रीचा मजकूर. पुतणी वाचणार आहे, मी नमुन्याजवळ उभा राहणार.

शनिवार, रात्रीचा दुसरा खेळ. पहिलं महायुद्ध चालू होतं. दोनच दिवसांपूर्वी, २१ मार्चला, जर्मनीची मोठी चढाई सुरू झाली होती. बंदुका उडाल्या. तबकावर गोळ्या वाजायच्या त्याऐवजी सू मागे ढळला. एक गोळी उजव्या फुफ्फुसातून आरपार गेली होती. आणि तेव्हा अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याने मंचावरून इंग्रजीत बोललेलं लोकांनी ऐकलं. "अरे देवा. काहीतरी झालंय. पडदा टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या इस्पितळात तो गेला. सत्तावन्न पुरी व्हायला नऊ दिवस होते.

पुतणीने हे आधी रडवेल्या आवाजात वाचलं. मी म्हटलं, साधं वाच. तो शेवटपर्यंत पडद्यामागचा माणूस होता. पडदा टाका ही सूचना आहे, तशीच दे.

१९ नोव्हेंबर

त्याने आत्महत्या केली, कोणी बंदुकीत ढवळाढवळ केली, अशाही कथा चालतात. घर विस्कटलेलं होतं हे खरं. डॉट मंचावर जोडीदार राहिली, पण लंडनजवळच्या बार्न्समध्ये लुईझ नावाच्या दुसऱ्या बाईबरोबर त्याचा संसार होता, तीन मुलं होती. यातून लोक हवं ते रचतात. मी या कथा कार्यक्रमात घेणार नाही. चौकशीत बंदूक खोलून दाखवली गेली, रॉबर्ट चर्चिल या बंदुकांच्या तज्ज्ञाने तपासली, बुचाच्या आट्यांतून आग वर गेल्याचं निघालं, आणि निकाल अपघाताचा लागला. माझ्या टेबलावरचं सागाचं बूचही तेच सांगतं.

प्रसिद्ध जादूगार हुडिनीच्याही मनात पुढे हा गोळी झेलण्याचा प्रयोग करायचं आलं होतं. म्हाताऱ्या केलारने पत्र लिहून त्याला परावृत्त केलं. ज्याच्या हाताखाली रॉबिन्सन घडला तोच केलार.

२३ नोव्हेंबर

कार्यक्रम झाला. पाऊण तासाचा सव्वा तास झाला, पण कोणी उठलं नाही.

दिव्यांचा ठिपका आट्यांवरून चढताना सभागृहात अगदी शांतता होती. नंतर मुलांनी टेबलाला गराडा घातला, बूच उघड-बंद केलं, कोळशाने हात काळे केले. बंदूकवाला शेतकरीही आला होता. त्याने झिजलेलं बूच हातात घेतलं, अंगठ्याचं नख आट्यांवरून फिरवलं, आणि घरी गेल्यावर आपल्या बंदुकीचं मागचं तोंड नीट बघतो म्हणाला. नुसतं बघून भागणार नाही, तिच्यावर जाणकाराचा हात फिरायला हवा, असं त्याला सांगितलं. पुढच्या आठवड्यात परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे नेणार आहे.

एका मुलीने विचारलं, फूचं पुढे काय झालं? तो चीनला परत गेला, पुन्हा अमेरिकेत येऊन दौरे केले आणि १९२२ मध्ये वारला, सूनंतर चार वर्षांनी. तिने त्याचं खरं नाव वहीत उतरवून घेतलं. मला दोनदा उच्चारायला लावलं.

तात्या येऊ शकले नाहीत, त्यांची पहिली जत्रा होती.

२४ नोव्हेंबर

नमुना वाचनालयातल्या कपाटात राहणार. दिव्यांचे सेल काढले. दोन्ही बुचांना मेण लावून चिठ्ठ्या बांधल्या. गजाच्या नळीला खालून एक बारीक तडा दिसतोय, तो पुढच्या खेपेला बघेन. वरच्या नळीतली गोळी लाकडाचीच, शिशाचा रंग दिलेली. पेटी बंद करण्याआधी ती काढली आणि वेगळ्या डबीत ठेवली.